दोन पट्ट्या वर

खांबेटे सरांविषयी कोणी चांगलं बोलायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. आमच्या शाळेतल्या मुलामुलींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, वर्षातून एकदा आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो, आणि भजी संपून आईस्क्रीम येण्याच्या मधल्या वेळात कोणीतरी हटकून म्हणतं, "काही म्हणा, शाळेला सूर लावला तो खांबेटे सरांनीच." मग सगळे माना डोलावतात. त्यांत ज्यांना सरांनी गाण्यातून काढून टाकलं होतं तेही असतात. मी स्वयंपाकघरात जाते, घर कोणाचंही असो, आणि आधण येईपर्यंत ओट्याशी उभी राहते. मला अजून कोणी कारण विचारलेलं नाही. विचारलं तर सांगायला वेळ लागेल आणि तेवढ्यात आईस्क्रीमचं पाणी होईल. म्हणून इथे लिहिते. इथे कोणाला घाई नाही, आणि मला तर मुळीच नाही.

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो. बाबा कारखान्यात फिटर होते. सकाळी भोंगा व्हायचा, पण आमचं घर भोंग्यावर उठायचं नाही, कारण त्याच्या आधीच आईचा आवाज सुरू झालेला असायचा. आई वर्ध्याकडची. विहारातली वंदना आणि जयंतीच्या मिरवणुकीतली गाणी, एवढंच तिचं गाण्याचं शिक्षण. मिरवणुकीत माइक नसायचा, त्यामुळे पुढे चालणाऱ्या बायकांचा आवाज मागच्या बैलगाडीपर्यंत पोचावा लागे. तो आवाज घेऊन ती आमच्या दोन खोल्यांत आली होती. तो तिथे मावायचा नाही. शेजारच्या बाई भिंतीपलीकडून फर्माईश करायच्या आणि आई इकडून पुरवायची. रविवारी गोळाभात व्हायचा. भातात डाळीचे गोळे वाफवायचे आणि वर हिंग-मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. तेल तापत असताना ती गाण्याची ओळ लांबवत न्यायची आणि मोहरी तडतडली की तिथेच सोडायची. बाबा ताटावर बसून म्हणायचे, "आज फोडणी लवकर झाली. कडवं अर्धंच रायलं." मी लहानपणी गाणं शिकले ते इथे, आणि पेटी शिकले ती शाळेत, खांबेटे सरांकडे.

आता हेही लिहायला हवं, कारण ते खरं आहे. खांबेटे सर नुसते संगीत शिक्षक होते तेव्हा त्यांच्यासारखा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. गोरे, किडकिडीत, जाकिटाच्या खिशात कायम खडीसाखर. डोळे मिटून ते पन्नास पोरांचा कालवा ऐकत बसायचे, मग उठायचे, एखाद्या भेदरलेल्या मुलाला खांद्याला धरून उचलायचे आणि खणखणीत गळ्याच्या मुलाशेजारी नेऊन बसवायचे. काही बोलायचे नाहीत. आठवड्याभरात ते भेदरलेलं पोर सुरात यायचं आणि ते कशामुळे आलं हे त्याला स्वतःलाही कळायचं नाही. मला त्यांनी पेटीवर बसवलं तेव्हा पहिले काही दिवस पट्ट्यांना हातच लावू दिला नाही, नुसता भाता हलवायला लावला. म्हणाले, "सुजाता, पेटीवाल्यानं आधी दुसऱ्याचा श्वास ऐकायचा. बोटं काय, बोटं कोणालाही असतात." तब्बल तीस-पस्तीस वर्षं झाली, अजून कोणी माझ्यासमोर गायला बसलं की माझा डावा हात त्याच्या श्वासाबरोबर हलतो. त्या माणसानं शिकवलेलं माझ्या हातातून गेलेलं नाही. त्याचंच शिक्षण त्याच्यावर वापरलं याचं मला अजून समाधान वाटतं, आणि ते मी लपवणार नाही.

आमच्या जुन्या मुख्याध्यापिका गणिताच्या होत्या. छड्या मारायच्या, पण पोराच्या डब्यात काय आहे हे त्यांना ठाऊक असायचं. त्या निवृत्त झाल्या आणि सेवाज्येष्ठतेनं नंबर खांबेटे सरांचा लागला. आम्ही गाण्याच्या वर्गातली मुलं तर नाचलोच. आईनं त्या दिवशी घरून तिळाच्या वड्या करून नेल्या आणि शिक्षकांच्या खोलीत वाटल्या. आई आमच्याच शाळेत कार्यानुभव शिकवायची. शिवण, कागदकाम, बांबूच्या चटया. व्हरांड्याच्या टोकाला तिची खोली होती, सकाळचं ऊन थेट आत यायचं आणि डिंकाचा वास कायम असायचा. सरांनी वडी तोंडात टाकून तिला म्हटलं होतं, "मेश्राम बाई, आता शाळेची मैफल जमवायची." आई घरी येऊन बाबांना कौतुकानं सांगत होती, "मैफल म्हणे! आता पाहाच तुम्ही, शाळेत मजा येते का नाही."

मैफल म्हणजे काय ते लवकरच कळलं. मैफलीत एक गातो. बाकीचे त्याच्या मागे असतात. सरांनी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून नेमकं तेवढंच केलं. शिक्षकांच्या सभेत कोणी बोलायला लागलं की त्यांचा डावा हात वर जायचा, गवई तबलजीला थांबवतो तसा, आणि समोरच्यानं वाक्य अर्ध्यावर सोडायचं. काही शिक्षक त्यांच्या बोलण्यावर "वा!" म्हणायला शिकले, त्यांना सकाळचे तास मिळू लागले. शाळेची पितळी घंटा काढून भिंतीवर भोंगे लावले आणि त्यातून संतूरची कॅसेट वाजू लागली. ती सुरू झाली की तास संपला, आणि बंद पडली की तास संपत नसे. प्रार्थना लांबत लांबत पहिल्या तासात शिरली. आणि ज्या पोरांना ते पूर्वी उचलून खणखणीत गळ्याशेजारी बसवायचे, त्यांना आता प्रार्थनेच्या वेळी मागे, नळाजवळ उभं करायला लागले. आलेल्या पाहुण्यांना बेसूर काही ऐकू जाता कामा नये. ऐकणारा माणूस प्रमुख झाला आणि त्यानं ऐकणं सोडलं, याहून मोठी फसवणूक माझ्या त्या वयात मला माहीत नव्हती.

पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत मी बरीच वर्षं काढली. तिथे दर काही महिन्यांनी नेतृत्वाचं प्रशिक्षण असायचं, आणि दर प्रशिक्षणात सूट घातलेला कोणीतरी वाद्यवृंदाचं चित्र पडद्यावर दाखवून विचारायचा, "लीडर म्हणजे कोण?" सगळे एका सुरात "कंडक्टर!" म्हणायचे. मी सोडून. माझे एक वरिष्ठ मला म्हणाले होते, "मॅडम, यू हॅव म्युझिक बॅकग्राउंड, तुम्ही सांगा ना." मी म्हटलं, "साहेब, आधी जेवण लागू द्या."

सरांनी सगळ्यात आधी घालवलं ते जाधव सरांना. जाधव सर तबला शिकवायला आठवड्यातून काही दिवस यायचे, वय झालेलं, कानाला मफलर, आणि कुठेही काही वाजलं की "हं, थोडं उतरलंय" म्हणायची सवय. मुख्याध्यापकाच्या गाण्याला "उतरलंय" म्हणणारा माणूस शाळेत राहणं अवघडच होतं. त्यांच्या जागी एक पेटारा आला, विजेवर चालणारा तबला. बटण दाबलं की ताल, एक खुंटी फिरवली की लय, दुसरी फिरवली की सूर. सर म्हणाले, "नवा काळ आहे. यंत्र रजा मागत नाही आणि मत देत नाही." शिक्षक हसले. त्याच सुमारास एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला नवी पेटी भेट दिली, स्केल चेंजर. तिची करामत अशी की खिट्टी सोडली की पट्ट्यांचा सगळा पाट शेजारी सरकतो. बोटं नेहमीच्याच जागी ठेवायची, सूर मात्र वर किंवा खाली जातो. गाणाऱ्याचा गळा एखाद्या दिवशी बसला असेल तर वाजवणाऱ्याची सोय व्हावी म्हणून ती योजना. पेटी आणि पेटारा, दोन्ही लावून ठेवणं माझ्याकडे होतं. सरांची पट्टी काळी एक, म्हणजे तिथे सा धरून ते गायचे. शाळेत कोणीही गायचं ते काळी एकमध्येच, मग लहान पोरांना खाली घुसमटायला होवो की काही होवो.

मग संगणक आले. त्या दिवसांत पुण्यात जो तो संगणकाच्या गोष्टी करायचा. आमच्या क्वार्टर्समधल्या ज्यांना टायपिंगच्या क्लासला घालायचं त्या मुलीसुद्धा एकदम कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागल्या होत्या. शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं शाळेला संगणक द्यायचं ठरवलं आणि सरांनी त्यांच्यासाठी खोली नक्की केली ती आईची. आईचा संगणकांना विरोध नव्हता, ती तर म्हणायची सुजीला हेच शिकवा म्हणून. पण ग्रंथालयामागची मोठी खोली मोडक्या बाकांनी भरून पडली होती, आणि तिथे ऊन येत नसल्यानं यंत्रांना ती बरी, असं तिनं सभेत सांगितलं. सरांचा हात वर गेला. आई बोलत राहिली. तिला कळलं नसावं किंवा कळूनही थांबावंसं वाटलं नसावं. घरी आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. भाकरी थापता थापता म्हणाली, "मी बोलून देलं सारं. हात वर करत होते बिचारे. म्या म्हटलं, सर, हात खाली घ्या, दुखन."

बाबांचा घास हातातच राहिला. "असं बोलली तू? साऱ्यांच्या समोर?"

"मंग का घरी येऊन बोलू?"

त्या सोमवारी प्रार्थनेला मी नेहमीप्रमाणे पेटीवर होते. सगळी शाळा पटांगणात उभी होती, शिक्षक पायऱ्यांवर. सरांनी माइक हातात घेतला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, "आपल्या मेश्राम बाईंना मनापासून बोलायला आवडतं हे मला परवाच समजलं. आज प्रार्थना त्या सांगतील. एकट्या. या बाई, संकोच करू नका." आईनं पदर खांद्यावरून घेतला आणि पुढे आली. तिला वाटलं, हा मान आहे. हे मला अजून सहन होत नाही. तिला खरोखर वाटलं की सर समजले, आणि आता मान देतायत. ती माझ्याकडे पाहून हसली, डोळे मिटले आणि मिरवणुकीत गायची तसा मोकळा सूर लावला. तो काळी एकमध्ये नव्हता. तिचा तिचा होता, वरचा, भरलेला, आणि अख्ख्या पटांगणावरून पलीकडच्या रस्त्यावर जाणारा. मी चाचपडत तिचा सूर पेटीवर शोधला. मला तो सापडला होता. मी साथ धरली होती. तेवढ्यात सरांचा डावा हात वर आला. "सुजाता, पेटी थांबव. या सुराला पेटीवर पट्टी नाही."

मुलं हसली. सातशे-आठशे पोरं, हसायला काहीही चालतं. मी पेटी थांबवली होती. सरांनी माझ्याच हातून माझ्या आईची साथ काढून घेतली, सगळ्या शाळेसमोर. आई एक ओळ तशीच पुढे गेली, मग तिनं डोळे उघडले. सर माइकमध्ये म्हणाले, "छान. प्रामाणिकपणा आहे बरं का, बाई. फक्त गळ्यावर संस्कार नाहीत." पायऱ्यांवरून कोणीतरी "वा" म्हणालं. पुण्यात कोणी कोणाला तोंडावर कुठून आलात असं विचारत नाही, आडनाव ऐकून तर मुळीच नाही. संस्कार म्हणतात. सगळ्यांना बरोबर कळतं, आणि कोणी काही बोललं असंही होत नाही. आई पायऱ्यांवर आपल्या जागी परत गेली. माझी बोटं अजून तिच्या सुराच्या पट्ट्यांवरच होती.

आठवड्याभरात तिची खोली रिकामी झाली. बांबूच्या चटया ग्रंथालयामागच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या. पण मला तो राग दुय्यम होता. घरी सकाळी भोंगा झाला आणि मी दचकून उठले. त्याआधी काहीच ऐकू आलेलं नव्हतं. स्टोव्हचा आवाज होता, भांड्यांचा होता, आई होती, पण गाणं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. रविवारी गोळाभात झाला, तेल तापलं, मोहरी तडतडली, आणि ताटावर फोडणी आली. बाबांनी खाली मान घालून भात कालवला. शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "काय हो, आज आमचं गाणं?" आई म्हणाली, "घसा बसलाय." तो किती दिवस बसून राहणार हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. मी आईला म्हटलं, गा ना. ती म्हणाली, "तुया पेटीच्या परीक्षेचं पाह्य." तिनं माझी बोटं चेपली, रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मग सगळा राग माझ्याकडेच राहिला, आणि मी तो नीट जपला.

दिवाळीच्या आधी बाबांनी मिक्सर आणला. क्वार्टर्समध्ये एकेकीकडे येऊ लागला होता. पाटा-वरवंटा मोरीत गेला. मिक्सर सुरू झाला की घरात दुसरं काही ऐकू यायचं नाही, टीव्हीसुद्धा नाही. काही दिवसांनी मला जाणवलं की चटणी वाटायला फार वेळ लागतोय. पेटीवाल्यानं दुसऱ्याचा श्वास ऐकायचा, हे मला शिकवलेलंच होतं. मी दाराशी उभी राहून कान दिला. त्या घरघरीच्या खाली, अगदी तळाशी, आई गुणगुणत होती. बटण बंद केलं की तीही बंद व्हायची. तिला वाटायचं कोणाला ऐकू येत नाही. मी तिथे उभी राहिले आणि खांबेटे सरांचं काय करायचं ते माझ्या मनात पक्कं झालं. कसं ते नव्हतं. पण ते होणार आणि माझ्या हातून होणार, एवढं निश्चित.

कसं, ते त्यांनीच ठरवून दिलं. संगणकाच्या खोलीचं उद्घाटन ठरलं, कंपनीचे मोठे साहेब येणार होते, आणि सरांनी स्वतः रचलेलं शाळेचं गीत स्वतःच गायचं ठरवलं. कडवी एकट्यानं, ध्रुवपद मुलांनी. तिसऱ्या कडव्यात ते वर, तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत जायचं आणि तिथे ठेहराव होता. पूर्वी ते सर हसत हसत घ्यायचे. पण मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांना तंबोऱ्यापाशी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तालमीला ते एकदाही आले नाहीत. "तालीम तुम्ही करा. मी ऐनवेळी येईन," म्हणाले. गाण्यातला माणूस असं कधी बोलत नाही. खुर्चीतला बोलतो.

उद्घाटनाच्या सकाळी मी लवकर गेले. संगीताच्या खोलीत कोणी नव्हतं. पेटीची खिट्टी सोडली, पाट सरकवला आणि खिट्टी पुन्हा बसवली. आता काळी एकवर बोट ठेवलं की काळी दोनचा सूर निघत होता, दोन पट्ट्या वर. मग पेटाऱ्याची खुंटी फिरवून तबलाही त्या सुराला आणला. सगळं एकमेकांत मिळून गेलं, कुठे काही खटकत नव्हतं. जाधव सर असते तर दारातूनच "हं, चढलंय" म्हणाले असते. पण त्यांना सरांनीच घरी पाठवलं होतं. मी पेटीवर रेशमी रुमाल घातला, आणि मला इतकी शांत भूक लागली की मी डब्यातली तिळाची चटणी आणि पोळी तिथेच बसून खाल्ली.

हॉल भरला होता. आई शिक्षकांच्या शेवटच्या रांगेत होती. हार झाले, नारळ झाला, साहेबांनी आईच्या खोलीच्या दारावरची फीत कापली आणि सगळे परत येऊन बसले. सर हारातून थेट माइकपाशी आले. माझ्या बोटांकडे पाहिलं, काळी एक बरोबर होती, मान हलवली आणि सुरुवात केली. एका क्षणासाठी मला वाटलं, ओळखतील. ज्यांनी मला कान दिला त्यांना एवढं कळणार नाही? दुसऱ्या ओळीला त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि मी भाता धरून बसले. पण साहेबांनी मान डोलावली, ती आठी गेली आणि सर त्यांच्याकडे पाहून गाऊ लागले. ते ऐकत नव्हते. त्यांनी ऐकणं सोडून दिलेलं होतं, आणि सगळी मदार माझी त्यावरच होती. मुलांनी ध्रुवपद उचललं आणि ते कधी नव्हे इतकं मोकळं लागलं, कारण मुलांना ती पट्टी जास्त सोयीची होती. सर खूश झाले. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या गळ्याची शीर दिसायला लागली. तिसरं सुरू झालं आणि ते वर चढू लागले.

साथीच्या पेटीचं काम काय, तर गाणाऱ्याचा सूर हलला की खाली हात द्यायचा. ऐकणाऱ्याला फट दिसू नये इतकं भरून काढायचं. हेही सरांनीच शिकवलेलं. ते त्या मध्यमावर गेले, आवाज तिथे पोचलाच नाही, काठाशी थरथरला, आणि फाटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात वर नव्हता, नुसते डोळे. धर, असं ते डोळे म्हणत होते. मी पेटी थांबवली.

अख्खा हॉल त्या चिरक्या आवाजानं भरला. तो एकटाच होता, उघडा, त्याच्या खाली काही नव्हतं. पेटाऱ्याला डोळे नसतात, त्यामुळे तबला ठामपणे वाजतच राहिला. सरांनी पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा फाटला. कोणीतरी खुदकन हसलं, मग मागून बरेच हसले. पायऱ्यांवर "वा" म्हणणारे आज गप्प होते. साहेब शिष्टाचारानं आपल्या बुटांकडे पाहू लागले. तेवढ्यात सम आली आणि शिकवल्याप्रमाणे मुलांनी ध्रुवपद उचललं, स्वच्छ, जोरात. मी लगेच त्यांना साथ धरली. सर माइकसमोर उभे होते आणि त्यांचे नुसते ओठ हलत होते. मी वर पाहिलं ते फक्त एकदा, शेवटच्या रांगेकडे. आईचा पदर तोंडावर होता.

पाहुणे गेल्यावर सर संगीताच्या खोलीत आले. मी पेटी पुसत होते. त्यांनी मला बाजूला सारलं, रुमाल काढला आणि खिट्टीकडे पाहिलं. तिच्यावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "कोणत्या पट्टीत धरली होतीस?"

"काळी एक, सर. आपण बोटं पाहिलीत ना."

 मी त्यांच्याकडे सरळ पाहत होते. पेटी सरकवलेली होती हे ते सांगू शकत होते. संस्थेला, माझ्या बाबांना, कोणालाही. मला शाळेतून काढू शकत होते. पण मग त्यांना हेही सांगावं लागलं असतं की पहिल्या सुरापासून तिसऱ्या कडव्यापर्यंत आपल्याला, एका मोठ्या पंडितजींनी गंडा बांधून शिकवलेल्या शिष्याला, दोन पट्ट्यांचा फरक कळला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हे सगळं एकेक करून आलेलं मी पाहिलं. मी त्या दिवशी जे जेवले त्याची चव आठवत नाही, त्या क्षणाची मात्र आठवते. शेवटी त्यांनी पाट सरकवून जागेवर आणला आणि म्हणाले, "झाकून ठेव. धूळ बसते." त्यानंतर ते शाळेत कधी गायले नाहीत. मुख्याध्यापक मात्र राहिले, बरीच वर्षं, आणि पुढे त्यांना आदर्श म्हणून शालही मिळाली. ती मी काही काढून घेऊ शकले नाही.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. माझ्याकडे पाठ ठेवूनच तिनं विचारलं, "काय झालं व खांबेटे सरले आज?"

"आवाज फाटला."

"पेटी कोणाच्या हातात होती?"

"माझ्या."

ती वळली. माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग जी हसायला लागली ती ओटा धरूनच. डोळ्यांतून पाणी आलं, पदरानं पुसलं, पुन्हा हसली. "काय व पोरी," म्हणाली, "काय व पोरी." इतक्या महिन्यांत ती हसली नव्हती. मला वाटलं, झालं. आता ती गाणार. तिनं श्वासही घेतला, मला तो ऐकू आला, माझा डावा हात आपोआप हलला. मग तिचं लक्ष उघड्या खिडकीकडे गेलं आणि तिनं तोंड मिटलं. मला म्हणाली, "जाय, हातपाय धुऊन ये."

मी मोरीत असताना मिक्सर सुरू झाला. तो थांबेना. मी ओल्या हातांनी दारापर्यंत आले. आई ओट्याशी उभी होती, एक हात मिक्सरच्या झाकणावर, मान वर, आणि गात होती. गुणगुणत नव्हती. मिरवणुकीतला तो आवाज पूर्ण लावून, कडव्यामागून कडवं, भिंतीपलीकडे कोणाला जाणार नाही अशा घरघरीत उभी राहून गात होती. मिक्सरच्या भांड्यात काही नव्हतं. रिकामंच फिरत होतं.

मी तशीच मागे गेले. आई आता माझ्याकडे विश्रांतवाडीला असते, सत्तरी केव्हाच उलटली, आणि आमचा मिक्सर दर दोन-तीन वर्षांनी जळतो. दुरुस्तीवाला विचारतो, एवढं वाटता तरी काय? मी नवा आणते. आणि वर्षातून एकदा कोणाच्या तरी घरी, कोणीतरी म्हणतं की सर आता थकले, झालं गेलं सोडून द्यायला हवं, तेव्हा मी आधणात चहा टाकते आणि माझ्या मनात एवढंच येतं की त्या दिवशी मी दोनच पट्ट्या चढवल्या. तीन चढवायला हव्या होत्या.